बॅटरीच्या जुन्या शेडची जागा घ्यायची आहे. माती नेमकी कशी तपासायची?

प्रश्न असा आला आहे: नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीच्या मागच्या अंगाला, जुन्या ले-आउटमध्ये ४,००० चौरस फुटांचा प्लॉट बघून ठेवला आहे. त्यावर टिनाचं शेड आहे. पंधरा-वीस वर्षं तिथे बॅटऱ्या दुरुस्त व्हायच्या, नंतर काही वर्षं गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग चाललं. शेड पाडून घर बांधायचं आहे, मुलगी चार वर्षांची आहे. विकणाऱ्याने बोअरच्या पाण्याचा ‘पिण्यायोग्य’ असा अहवाल दाखवला. तेवढा पुरेसा आहे का?

नाही. तो अहवाल खोटा असेल असं मी म्हणत नाही, पण तो तुमच्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. तो उघडा आणि ओळी वाचा. पीएच, टीडीएस, कठीणपणा, क्लोराइड, गढूळपणा, फार तर नायट्रेट आणि कॉलिफॉर्म जीवाणू. शिसं, म्हणजे बॅटरीतला मुख्य धातू, हा शब्द त्यात आहे का? बहुतेक नसणार. बॅटरीच्या जागेवर शिसं न तपासता पाणी ‘पिण्यायोग्य’ ठरवणं म्हणजे पाय मोडलेल्या माणसाचा ताप मोजून तो ठणठणीत असल्याचं सांगणं. शिवाय तुमचा खरा धोका पाण्यात नाही, मातीत आहे. तो का, ते पुढे सांगतो.

मी बावीस-तेवीस वर्षं हेच माती-पाणी तपासायचं काम करतो आहे. लोक प्रयोगशाळेत येतात आणि म्हणतात, “सगळं टेस्ट करून द्या.” सगळं असं काही नसतं. यादी पाहिजे तेवढी लांबवता येते आणि पैसेही त्याच वेगाने जातात. माती कुठून घ्यायची, किती खोलवरून घ्यायची आणि तिच्यात काय शोधायचं, हे जागेचा इतिहास सांगतो. म्हणून पहिले आठ-दहा दिवस कुदळीला हात लावू नका.

आधी कागद. आखीव पत्रिका किंवा सातबारा, फेरफार, अकृषिक आदेश, नागपूर सुधार प्रन्यासचं (नासुप्रचं) मंजुरीचं पत्र, म्हणजे आरएल, असेल तर ते. या कागदांवर मातीच्या प्रदूषणाची नोंद करायचा रकानाच नाही, पण जमीन कधी कोणाच्या ताब्यात गेली आणि शेती केव्हा थांबली ते कळतं. जागा मूळ गावाच्या जवळ असेल तर निस्तार पत्रक जरूर काढा. विदर्भातल्या गावांसाठी हा कागद फार कामाचा आहे. गावाची चराई, स्मशान, जनावरं सोलायची जागा, तलाव कुठे होते ते त्यात सापडतं. बुजवलेल्या तलावावर पडलेला ले-आउट मी एकदा असाच ओळखला होता. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे त्या पत्त्यावर कधी संमतीपत्र दिलं होतं का, विचारा. छोट्या दुकानांकडे ते बहुधा नसतंच, पण असलं तर कच्चा माल आणि कचरा काय होता ते लिहिलेलं मिळतं. आधी तिथे पेट्रोल-डिझेलची जमिनीखालची टाकी होती अशी कुणकुण लागली, तर त्या परवान्यांचं काम पाहणारी पेसो ही संस्था आपल्याच गावात, सेमिनरी हिल्सवर आहे.

मग गूगल अर्थवरच्या जुन्या प्रतिमा. उन्हाळ्यातल्या बघा, पावसाळ्यातल्या हिरवळीत काही दिसत नाही. शेड केव्हा उभं राहिलं, मागे काळा डाग कधीपासून आहे, प्लॉटच्या कोपऱ्यात ढीग कुठे असायचा, हे वर्षागणिक दिसतं.

आणि शेवटी पानठेला. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. चौकात वीस वर्षं ठेला लावून बसलेल्या माणसाला जे माहीत असतं ते कुठल्याच कार्यालयात नसतं. खर्रा घोटता घोटता तो सांगतो, की “बॅटऱ्या मागं फोडत, ॲसिड नालीत सोडत, अन् रातच्याला शिसं वितळवत.” या एका वाक्यात तुमच्या नमुन्यांच्या तीन जागा आल्या: फोडण्याची जागा, नाली आणि भट्टी. बॅटरी नुसती चार्ज करून देणं वेगळं आणि फोडून शिसं काढणं वेगळं. तुमच्या जागेवर यातलं कोणतं झालं हे कळणं सगळ्यात महत्त्वाचं आहे.

आता जागेवर जा, एकदा सकाळी आणि जमलं तर एकदा पावसानंतर. पायाखाली काळ्या कडक रबरासारखे तुकडे सापडतात का बघा. जुन्या बॅटऱ्यांची खोकी एबोनाइटची असत, ती कुजत नाहीत. पांढरट-करडी भुकटी, ॲसिडने खाल्लेलं काँक्रीट, गवत न उगवणारा पट्टा, नालीचा उतार कुणीकडे आहे, हे सगळं मोबाइलवर टिपून ठेवा. भुकटी हाताने चोळून बघू नका. मुलीला त्या दिवशी बरोबर नेऊ नका, आणि घरी आल्यावर चपला बाहेर ठेवा.

मातीचा धोका जास्त का, ते आता. हिंगणा-वाडीचा भाग बेसॉल्टवर आहे. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली खडक. ही माती चिकणमातीने भरलेली आणि थोडी अल्कधर्मी असते. शिसं तिला घट्ट चिकटून बसतं आणि सहज खाली झिरपत नाही. त्यामुळे बोअरचं पाणी स्वच्छ येऊ शकतं आणि त्याच वेळी वरची बोटभर माती विषारी असू शकते. लहान मूल पाणी तर गाळलेलं पितं, पण मातीत बसतं, हात तोंडात घालतं. धूळ घरात येते, फरशीवर बसते. शिशाचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो आणि त्याची सुरक्षित पातळी वैद्यकशास्त्राला सापडलेली नाही. काळ्या मातीच्या या गुणाला दोन अपवाद आहेत. जिथे ॲसिड वर्षानुवर्षं ओतलं गेलं तिथे मातीची पकड सुटते. आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पहिल्या पावसाचं पाणी त्यातून वरचा गाळ घेऊन थेट खाली उतरतं. म्हणून फक्त पृष्ठभाग खरवडून भागत नाही.

तुमच्या प्लॉटला मी सात ते आठ ठिकाणांहून माती घेतली असती. फोडण्याची जागा, भट्टी, नालीचं तोंड, नाली जिथे संपते ती जागा आणि शेडचं दार इथून नक्की. उरलेल्या मोकळ्या जागेतून, विशेषतः मूल जिथे खेळेल असं वाटतं तिथून, दोन-तीन. प्रत्येक ठिकाणी किमान दोन थर: वरचे पाच सेंटिमीटर वेगळे आणि पंधरा ते तीस सेंटिमीटरचा थर वेगळा. नाली आणि फोडण्याच्या जागेवर मात्र खाली मूळचा मुरूम लागेपर्यंत. ऑगर, म्हणजे माती काढायचा गिरमिट, स्टेनलेस स्टीलचा, प्रत्येक खड्ड्यानंतर धुतलेला. रंग उडालेल्या जुन्या सब्बलीने काढलेल्या नमुन्यात सब्बलीचाच रंग सापडतो. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सोपं जातं; मेमध्ये ही माती दगड होते आणि जुलैमध्ये ऑगरला गोंदासारखी धरून बसते.

इथे माझीच एक चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत कामठी रोडकडच्या एका प्लॉटवर मी पाच जागांची माती एकत्र मिसळून एकच नमुना पाठवला. खर्च वाचतो म्हणून पुष्कळजण असंच करतात. अहवाल छान आला. चार महिन्यांनी पाया खोदताना फूटभर मुरमाखाली काळा थर निघाला, त्यात बॅटऱ्यांच्या खोक्यांचा चुरा. दोन चुका झाल्या होत्या. पाच जागा मिसळल्यावर एका वाईट जागेचा आकडा पाचपट पातळ होतो. आणि विकणाऱ्याने वर मुरूम टाकून जमीन ‘साफ’ केली होती, मी त्या नव्या मुरमाचाच नमुना घेऊन आलो होतो. तेव्हापासून मी आधी जेसीबीने दोन खड्डे खणून भिंत बघतो. जुनी जमीन कुठे सुरू होते ते रंगावरून कळतं, आणि नमुना तिथपासून मोजायचा. तुमच्या विक्रेत्याने अलीकडे भराव टाकला असेल तर हे विसरू नका.

ज्याच्याकडे हातात धरायचं एक्सआरएफ यंत्र आहे असा सल्लागार मिळाला तर उत्तम. बंदुकीसारखं मातीवर टेकवलं की मिनिटभरात शिशाचा अंदाज येतो, अर्ध्या दिवसात पन्नास जागा बघून होतात. मग प्रयोगशाळेत फक्त निवडक नमुने पाठवता येतात. त्या आकड्यावर व्यवहार मात्र करू नका, ओल्या मातीत तो कमी दाखवतो.

प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची घ्या, हे तुम्हाला कोणीही सांगेल. पुढचं कोणी सांगत नाही. मान्यता संपूर्ण प्रयोगशाळेला सरसकट नसते; ती विशिष्ट पदार्थातल्या विशिष्ट घटकासाठी असते. पाण्यातल्या शिशाची मान्यता असलेली जागा मातीतल्या शिशासाठी मान्य असेलच असं नाही. मान्यतेच्या व्याप्तीची यादी मागा आणि त्यात ‘माती’ आणि ‘शिसं’ एका ओळीत आहेत का ते पाहा. कृषी विभागाच्या माती परीक्षणाशी गल्लत करू नका, तिथे नत्र-स्फुरद-पालाश आणि झाडाला उपलब्ध होणारी सूक्ष्म अन्नद्रव्यं बघतात.

चाचणी कोणती हेही तुम्हीच लिहून द्या. तुम्हाला हवं आहे मातीतलं एकूण शिसं, मिलिग्रॅम प्रति किलोमध्ये. पुष्कळदा हातात पडतो तो टीसीएलपी नावाच्या चाचणीचा अहवाल, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये, आणि खाली शेरा: ‘घातक नाही’. ही चाचणी कचरा कोणत्या प्रकारच्या भूमिभरावात टाकावा हे ठरवण्यासाठी आहे. एका भाग मातीला वीस भाग आम्लयुक्त द्रवात घुसळतात आणि किती सुटलं ते मोजतात. शिशाची मर्यादा ५ मिलिग्रॅम प्रति लिटर. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे ती ०.०१ आहे, म्हणजे पाचशेपट कडक. आपली काळी माती शिसं धरून ठेवते म्हणून या चाचणीत ती आरामात पास होते. कचरा म्हणून ‘घातक नाही’ आणि चार वर्षांच्या मुलीच्या अंगणासाठी योग्य, यांत हिंगणा ते कन्हान एवढं अंतर आहे.

आता आकडे वाचायचे कसे. निवासी मातीतल्या शिशासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा छाननीचा आकडा बरीच वर्षं ४०० मिलिग्रॅम प्रति किलो होता, २०२४ मध्ये तो २०० वर आणला. कॅनडात १४०. मी नागपुरात घरासाठी २०० च्या वर गेलं की थांबून विचार करायला सांगतो, ४०० च्या वर असेल तर माती हलवल्याशिवाय तिथे मूल नको म्हणतो. फोडण्याच्या जागेवर हजारांत आकडे आले तर दचकू नका, तिथे येतातच. प्रश्न असतो की डाग किती चौरस फुटांचा आणि किती खोल आहे.

शिशाबरोबर अँटिमनी, आर्सेनिक आणि कॅडमियम मागा, बॅटरीच्या जाळीत ते थोडे-थोडे असतात. पीएच आणि सल्फेटही घ्या, ॲसिड कुठवर गेलं ते त्यावरून कळतं. रंगकामामुळे क्रोमियमही हवं. जुन्या पिवळ्या रंगांत आणि गंजरोधक प्रायमरमध्ये ते असायचं. इथे नागपूरकरांची हमखास फसगत होते. बेसॉल्टपासून झालेल्या काळ्या मातीत क्रोमियम, निकेल आणि तांबं निसर्गतःच भरपूर असतं. परदेशी तक्त्याशी ताडून पाहिलं तर स्वच्छ शेतही दोषी ठरतं. मी स्वतः असे घाबरून तुटलेले दोन व्यवहार बघितले आहेत. म्हणून जवळच्या, पण कधीच दुकान नसलेल्या जागेतून त्याच प्रकारच्या मातीचा एक तुलनेचा नमुना घ्यायचाच. आणि एकूण क्रोमियमबरोबर षट्‌संयोजी क्रोमियम वेगळं मोजून घ्यायचं; विषारी ते आहे आणि खडकातून येणाऱ्या क्रोमियममध्ये ते सहसा नसतं.

थिनरचा वास येत असेल तर टोल्युइन, झायलिनसारखी उडून जाणारी द्रव्यं तपासावी लागतील. ती पिशवीत भरून स्कूटरच्या डिकीत नेली, की नागपूरच्या उन्हात प्रयोगशाळेत पोचेपर्यंत काहीच उरत नाही आणि अहवाल ‘आढळले नाही’ असा येतो. त्यासाठी पहाटेचं काम, खास कुप्या, बर्फाची पेटी, आणि नमुना कधी घेतला, कोणी कोणाकडे दिला याची सहीनिशी चिठ्ठी लागते.

पाणीही तपासा, पण नीट. बोअर आधी इतकी चालवा की पाइपातलं साचलेलं पाणी निघून जाईल. धातूंसाठी बाटलीत प्रयोगशाळेनेच नायट्रिक आम्ल घालून द्यायला हवं, नाही तर शिसं बाटलीच्या भिंतीला चिकटून राहतं. शिसं सापडलंच तर लगेच जमिनीला दोष देऊ नका. जुना नळ किंवा सांधाही ते सोडतो. पंपाच्या तोंडावरचं आणि नळावरचं अशी दोन पाणी वेगवेगळी घ्या. बेसॉल्टमध्ये पाणी सांध्या-फटींतून वाहतं, त्यामुळे शेजारच्या बोअरचं चांगलं पाणी तुमच्या बोअरची हमी देत नाही. एक तपासणी मे महिन्यात आणि एक ऑक्टोबरमध्ये. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर आलं तर तो बॅटरीवाल्याचा दोष नाही, आसपासच्या शोषखड्ड्यांचा आहे. दाट वस्तीत हे नेहमीचंच.

तुमच्यासारखा प्रश्न शहराच्या दुसऱ्या टोकाला असता तर माझी यादी बदलली असती. कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला वीज केंद्रांच्या राखेने भरलेले खोलगट प्लॉट असतात, तिथे आर्सेनिक, सेलेनियम, बोरॉन आणि पारा बघायचा. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला होता, त्या भागात राख प्रवाहाने कुठवर पसरली हेही विचारायला हवं. भांडेवाडीच्या कचरा डेपोच्या आसपास कचऱ्यातून निघणारं पाणी आणि मिथेन. नागनदीच्या काठी, सप्टेंबर २०२३ च्या पुरासारख्या पुरात अंगणात येऊन बसलेला गाळ.

प्रदूषण निघालं तर काय? २०२५ मध्ये केंद्राने प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम आणले. संशयित जागांची यादी स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने करायची, मंडळाने तपासायची, आणि खर्च ज्याने प्रदूषण केलं त्याच्याकडून वसूल करायचा, असा त्यांचा गाभा आहे. कचरा डेपो आणि खाणी त्यांच्या बाहेर आहेत. पण त्या वाटेने तुमच्या ४,००० फुटांचा निकाल या वर्षात लागेल अशी आशा मी धरणार नाही. बॅटरीवाला भाड्याने बसलेला होता, तो आता कुठे आहे कोणाला ठाऊक.

व्यवहारात याचा मार्ग इसारपत्रातून जातो. इसार अगदी थोडा द्या आणि त्यात लिहून घ्या, की खरेदीखताआधी मातीची तपासणी खरेदीदार करेल, विक्रेता खोदू देईल, आणि शिसं ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त निघालं तर इसार परत किंवा माती काढण्याचा खर्च किमतीतून वजा. आकडा लिहा, ‘जास्त निघाल्यास’ एवढंच लिहिलं तर भांडण ठरलेलं. एखादा विक्रेता खोदूच देत नाही. तेही उत्तरच आहे.

डाग छोटा आणि उथळ असेल, म्हणजे समजा दोनशे चौरस फूट आणि फूटभर, तर घर होऊ शकतं. ती माती उकरून काढायची, तळाची आणि कडांची माती पुन्हा तपासायची, आणि मग स्वच्छ भराव टाकायचा. काढलेली माती घातक कचरा ठरली तर तिची जागा बुटीबोरीचं सामायिक घातक कचरा केंद्र, रिंग रोडच्या कडेचा खड्डा नव्हे. ठेकेदार म्हणेल, “साहेब, एक ट्रिप तर आहे, शेतात टाकतो.” त्याला पावती मागा, वजनाची आणि पोचल्याची. शेड पाडतानाही आधी पाणी मारून धूळ बसवायची, आतल्या पत्र्यांवर आणि कैच्यांवर भट्टीची वर्षानुवर्षांची धूळ असते, आणि शेजाऱ्यांची मुलंही तिथेच खेळतात. घर झाल्यावर अंगणाचा तो भाग फरसबंद ठेवा, भाजीचे वाफे दुसरीकडे. पालक आणि मेथी धुऊनही मुळाशी, पानांच्या बेचक्यांत माती धरतात.

डाग मोठा निघाला, मुरमापर्यंत उतरलेला, तर माझं मत स्पष्ट आहे: घरासाठी ती जागा सोडा. गोदामाला, पार्किंगला ती चालेल, वरून काँक्रीट येतं. विक्रेत्याला गिऱ्हाईक मिळेल.

तुमच्या निरोपात एक गोष्ट नव्हती, ती विचारतो. प्लॉट बघायला मुलीला किती वेळा नेलं होतं? दोन-चार वेळा नेलं असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. पण शेडच्या शेजारीच सध्या भाड्याने राहत असाल तर बालरोगतज्ज्ञांना सांगून तिच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या, मातीच्या अहवालाची वाट न बघता. ते रक्त शिरेतून घेतलेलं हवं. बोटाला टोचून घेतलं तर कातडीवरची धूळही त्यात मोजली जाते.